बदल केला, पण दिसत का नाही? – जावास्क्रिप्ट पॅकेजच्या शिळ्या प्रतींविषयी

आज विषय जरा वेगळा आहे. गेले काही आठवडे आपण अनुमान, व्याप्ती, हेत्वाभास हे सगळं पाहत होतो, आणि आज एकदम जावास्क्रिप्ट. मघाशी जिन्यात एकांनी विचारलंच, "सर, तत्त्वज्ञान संपलं का?" नाही, संपलेलं नाही. हेत्वाभासाचं एक उदाहरण आम्हाला स्वतःलाच भोवलं, आणि ते नेमकं याच प्रांतातलं होतं, म्हणून आज ते घेतोय. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना यातून कामाचं काही मिळेल, आणि न करणाऱ्यांनाही गोष्ट समजेल, अशा बेतानं बोलू.

आधी प्रसंग सांगतो. इथं मालाडला आम्ही काही निवृत्त माणसं आणि काही कॉलेजातली मुलंमुली मिळून एका छोट्या वाचनालयाची पुस्तकांची यादी संगणकावर आणतो आहोत. यादी झाली, पण शोध नीट चालेना. "कऱ्हाड" असं टाइप केलं की काही पुस्तकं सापडायची आणि काही नाहीत. सगळी तर डोळ्यांसमोर यादीत दिसतायत.

कारण असं निघालं. कऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या या शब्दांतला जो आडवा अर्धा र आहे, तो संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, त्याला हलन्त, आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत.

आमच्या गटातल्या एका विद्यार्थिनीनं यासाठी छोटंसं पॅकेज लिहिलं. काम एवढंच, की शोध घेण्याआधी दोन्ही लेखनं एकाच रूपात आणायची. पॅकेज वेगळं ठेवलं, कारण यादीचं संकेतस्थळ आणि नोंदी भरण्याचा अर्ज अशा दोन ठिकाणी ते लागणार होतं. तिच्या फोल्डरात चाचणी घेतली तेव्हा उत्तर बरोबर आलं. यादीच्या संकेतस्थळावर मात्र काहीच फरक नाही. आधी सापडत नव्हती ती पुस्तकं आताही सापडेनात.

आम्ही तिला म्हणालो, "तुझ्या नियमातच चूक आहे. पुन्हा विचार कर." तिनं नियम बदलला. फरक नाही. पुन्हा बदलला. दोन संध्याकाळी गेल्या, चार वेळा लिहून झालं. पोरगी पार हिरमुसली. शेवटी वैतागून तिनं पॅकेजच्या पहिल्या ओळीत मुद्दाम चूक टाकली, म्हणजे ही ओळ चालली तर सगळं संकेतस्थळ कोसळलंच पाहिजे. संकेतस्थळ सुरू केलं, आणि ते आरामात चाललं. म्हणजे तिनं दोन दिवसांत लिहिलेलं एक अक्षरही तिथं चाललं नव्हतं. तिचा पहिला नियमच बरोबर होता.

आता आमचं अनुमान काय होतं ते मांडून पाहू. पक्ष म्हणजे तिचा नवा नियम. साध्य, तो चुकीचा आहे. हेतू, कारण तो चालवूनही निकाल बदलत नाही. अनुमान दिसायला ठीक आहे. पण हेतू पक्षावर आहे कुठं? तो नियम चाललेलाच नव्हता. तर्कसंग्रहात अन्नंभट्टानं याला स्वरूपासिद्ध म्हटलंय. शब्द हा गुण आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो, असं कुणी म्हणावं तसं. शब्द डोळ्यांना दिसतच नाही, तेव्हा पुढचं बोलायचंच कशाला? आम्ही ही गोष्ट पन्नास वर्षं वर्गात शिकवली, आणि संधी मिळाल्याबरोबर तीच चूक केली. शिवाय तिचा भार एका वीस वर्षांच्या मुलीवर टाकला.

म्हणून पहिलं सूत्र हे, की "माझा बदल चुकीचा आहे का" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न "माझा बदल चालतो आहे का" हा. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही.

आता पहिला प्रश्न विचारायचा कसा? त्यासाठी बदल कोणत्या वाटेनं जातो ते माहीत हवं. आपण संपादकात फाइल जतन करतो, आणि ब्राउझरमध्ये परिणाम पाहतो. मध्ये साधारण पाच मुक्काम असतात. मूळ फाइल, तिच्यावरून बांधलेली फाइल, वापरणाऱ्या प्रकल्पातली पॅकेजची जागा, बंडलरची साठवण, आणि शेवटी चालणारी प्रक्रिया किंवा ब्राउझर. यातल्या कुठल्याही मुक्कामावर जुनी प्रत बसून राहू शकते. एकेक घेऊ.

पहिल्यापासून दुसऱ्याकडे जाताना. पॅकेज टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलं असेल तर बहुधा लिहितो आपण 'एसआरसी' फोल्डरात, आणि बाहेरच्यांना मिळतं ते 'डिस्ट' फोल्डरातलं. पॅकेज डॉट जेसन या फाइलमध्ये 'मेन' किंवा 'एक्स्पोर्ट्स' असं लिहिलेलं असतं, ते कुठं बोट दाखवतंय ते बघा. डिस्टकडे दाखवत असेल आणि आपण बिल्ड चालवलेलं नसेल, तर कितीही जतन करा, पलीकडे काही पोचणार नाही. उपाय म्हणजे कंपायलर 'वॉच' लावून चालू ठेवायचा, आणि त्याच्या खिडकीकडे अधूनमधून बघायचं. बिल्ड चुकीमुळे थांबलं असेल तर जुनी डिस्ट तशीच पडून राहते आणि कुणी तक्रार करत नाही.

तिसरा मुक्काम सगळ्यात गोंधळाचा आहे. प्रकल्पाच्या नोड_मॉड्यूल्स या फोल्डरात आपलं पॅकेज दोन तऱ्हांनी येऊ शकतं, एक झेरॉक्स म्हणून किंवा एक पत्ता म्हणून. झेरॉक्स म्हणजे खरीखुरी प्रत. मूळ कागद नंतर बदलला तरी झेरॉक्स बदलत नाही. पत्ता म्हणजे सिमलिंक. तिथं काही ठेवलेलंच नसतं, फक्त "अमुक फोल्डरात जा" एवढी चिठ्ठी असते. मालाडमध्ये हल्ली इतक्या इमारती पुनर्विकासाला जातात, की हे समजवायला लांब जायला नको. जुन्या दारावर कागद चिकटवलेला असतो, मंडळी सध्या तमुक ठिकाणी राहतात. तो कागद म्हणजे सिमलिंक.

'एनपीएम लिंक' ही आज्ञा असा पत्ता तयार करते. ती दोनदा द्यायची असते. एकदा पॅकेजच्या फोल्डरात नुसती, त्यानं संगणकाच्या सामाईक जागेत एक चिठ्ठी लागते. मग प्रकल्पाच्या फोल्डरात पॅकेजच्या नावासह, त्यानं प्रकल्पातून त्या सामाईक चिठ्ठीकडे दुसरी चिठ्ठी लागते. इथं तीन खड्डे आहेत.

एक. नाव म्हणजे पॅकेज डॉट जेसनमधलं नाव, फोल्डरचं नव्हे.

दोन. नोडच्या एकाहून जास्त आवृत्त्या ठेवण्यासाठी एनव्हीएम वापरत असाल, तर प्रत्येक आवृत्तीची सामाईक जागा वेगळी असते. एका टर्मिनलमध्ये एक आवृत्ती आणि दुसऱ्यात दुसरी असेल, तर इकडे लावलेली चिठ्ठी तिकडे दिसतच नाही.

तीन, आणि आमचा पाय अडकला तो इथं. लिंक केल्याची नोंद पॅकेज डॉट जेसनमध्ये आपोआप होत नाही. नंतर कुणी त्या प्रकल्पात 'एनपीएम इन्स्टॉल' चालवलं, की एनपीएम नोंदीप्रमाणे घर आवरतं. नोंदीत जी आवृत्ती लिहिली असेल ती आणून बसवतं आणि आपली चिठ्ठी फाडून टाकतं. आमच्या नोंदीत पहिल्या आठवड्यात बांधलेल्या जुन्या गठ्ठ्याचं नाव होतं. आणि ते इन्स्टॉल चालवलं कुणी? आम्हीच. तारखा दाखवण्यासाठी एक दुसरं पॅकेज हवं होतं म्हणून. पडद्यावर दोन ओळी आल्या, त्यात लिंक गेल्याचं काही नव्हतं, आणि आम्ही चहाला गेलो.

याची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. नोड_मॉड्यूल्समध्ये 'एलएस' आणि पुढे 'उणे एल' देऊन त्या पॅकेजची ओळ बघा. बाण दाखवून पुढे मूळ फोल्डरचा पत्ता आला तर लिंक शाबूत आहे. किंवा प्रकल्पाच्या फोल्डरातून नोडलाच विचारा, 'रिक्वायर डॉट रिझॉल्व्ह', आणि कंसात पॅकेजचं नाव. नोड चिठ्ठीचा माग काढून खरा पत्ता सांगतं. उत्तरात आपला मूळ फोल्डर आला तर ठीक, नोड_मॉड्यूल्सच्या आतलाच पत्ता आला तर समोर झेरॉक्स आहे.

चौथा मुक्काम बंडलरचा. इथं जरा थांबू, कारण मूळ दुखणं इथं उघडं पडतं. वीट नावाचं साधन आहे, घराची वीट नव्हे, पण बांधकामाचंच. ते नोड_मॉड्यूल्समधली पॅकेजं एकदा बांधून 'डॉट वीट' या फोल्डरात साठवतं, आणि पुन्हा बांधायचं की नाही हे ठरवताना मुख्यतः लॉकफाइल आणि स्वतःची मांडणी बदलली का ते पाहतं. तुम्ही नोड_मॉड्यूल्समध्ये हातानं नवी प्रत टाकली आणि लॉकफाइल तशीच राहिली, तर त्याच्या मते काहीच घडलेलं नाही. शिवाय ती बांधलेली फाइल ब्राउझरला देताना ते सांगतं, की ही वर्षभर बदलणार नाही असं समज. लिंक केलेलं पॅकेज वीट सहसा तुमच्याच मूळ कोडसारखं धरतं, त्यामुळे तिथं हा त्रास कमी. पण ते पॅकेज जुन्या 'कॉमनजेएस' पद्धतीचं असेल आणि तुम्ही ते बांधायच्या यादीत घातलं असेल, तर प्रत्येक बदलानंतर 'फोर्स' हा पर्याय देऊन वीट पुन्हा सुरू करावं लागतं. वेबपॅकची पाचवी आवृत्तीही अशीच गृहीत धरते, की नोड_मॉड्यूल्सला पॅकेज मॅनेजरशिवाय कुणी हात लावत नाही. आतल्या फाइलींच्या वेळा न बघता ती पॅकेजचं नाव आणि आवृत्ती बघते.

ही साधनं मूर्ख आहेत का? मुळीच नाही. एनपीएमच्या सार्वजनिक भांडारात नियम असा आहे, की एकदा प्रसिद्ध केलेलं नाव आणि आवृत्ती यांची जोडी दुसऱ्या मजकुरासाठी पुन्हा वापरता येत नाही. तिथं नाव-आवृत्ती सारखी म्हणजे मजकूर सारखा, ही व्याप्ती पक्की आहे. साठवण करणारी सगळी साधनं तिच्यावरच उभी आहेत. ती व्याप्ती मोडतो आपण. आपलं पॅकेज सकाळी ०.१.० असतं, दुपारीही ०.१.०, रात्रीही ०.१.०, आणि आतला मजकूर तीनदा बदललेला. नाव तेच ठेवून वस्तू बदलायची आणि मग ओळखणाऱ्यानं जुनीच ओळखली म्हणून त्याच्यावर चिडायचं, हे काही बरोबर नाही.

तुम्हाला देवदत्ताचं उदाहरण आठवत असेल. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज समोर दिसतो आणि आपण म्हणतो, "तोच हा." ही प्रत्यभिज्ञा. तिच्यात अर्धी स्मृती आणि अर्धं प्रत्यक्ष असतं. कॅशे ही निव्वळ स्मृती आहे. म्हणूनच नैयायिक स्मृतीला प्रमा म्हणत नाहीत. ती खोटीच असते असं नाही, पण ती आज वस्तूकडे पाहून आलेली नसते.

हे दुखणं संगणकानं आणलं असंही समजू नका. हातानं पोथ्या उतरवल्या जात होत्या तेव्हा ज्ञानेश्वरी या एकाच नावाखाली वेगवेगळे पाठ फिरत होते. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असंही बजावून ठेवलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तीही याच प्रश्नावर, की महाभारत म्हणताना आपल्यासमोर नेमकी कोणती प्रत आहे. अर्थाची चर्चा त्यानंतर.

पाचवा मुक्काम लवकर सांगून होईल. नोड एखादं मॉड्यूल एकदा वाचलं की ते प्रक्रिया चालू असेपर्यंत स्मरणात ठेवतं. फाइल बदलली तरी सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केल्याशिवाय नवं वाचत नाही. नोड १८.११ पासून 'वॉच' हा पर्याय आलाय, तो हे आपोआप करतो. ब्राउझरमध्ये विकासकांची खिडकी उघडून नेटवर्क विभागात कॅशे बंद करा, आणि ती खिडकी उघडीच ठेवा, कारण मिटली की तो पर्याय लागू राहत नाही. संकेतस्थळानं सर्व्हिस वर्कर बसवला असेल तर तोही काढून बघा.

आता पद्धत. मूळ फाइलीत एक खूण घालायची, आणि ती प्रत्येक वेळी नवी हवी. "इथं आलो" असं लिहिलं तर काल लिहिलेलं "इथं आलो" आणि आजचं यांत फरक कसा करणार? "खूण ७, चार वाजून वीस" असं लिहा. मग ती खूण शोधायची, तीही मधूनच सुरुवात करून. नोड_मॉड्यूल्समधल्या त्या पॅकेजात खूण सापडते का? सापडली तर दोष पुढच्या दोन मुक्कामांवर. नाही सापडली तर मागे जाऊन डिस्ट बघा. दोनतीन प्रश्नांत जागा कळते. आणि खूण शेवटपर्यंत पोचलेली दिसली, तरी निकाल चुकीचाच येतोय, तरच म्हणायचं, की आता नियमात चूक शोधू.

यावर अनुभवी लोक हसतात. म्हणतात, एवढं कशाला? नोड_मॉड्यूल्स उडवा, पुन्हा इन्स्टॉल करा, झालं. आम्हीही दुसऱ्या संध्याकाळी तेच केलं. काय झालं असेल सांगा? इन्स्टॉलनं नोंदीत लिहिलेली तीच जुनी प्रत पुन्हा, अगदी ताजी करून, आणून बसवली. रोग ज्यानं झाला तेच औषध म्हणून घेतलं! उडवायला हरकत नाही, पण पुरावा पाहून झाल्यावर. आणि उडवल्यावर लिंक पुन्हा लावायची, हे विसरायचं नाही. उडवून कधी चाललंच, तरी का चाललं ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तीच रात्र पुन्हा येते.

लिंकला पर्याय आहेत. दोन्ही गोष्टी आपल्याच ताब्यात असतील तर एनपीएमची सातवी आवृत्ती २०२० मध्ये आली तेव्हापासूनचे वर्कस्पेसेस वापरा. पॅकेज आणि प्रकल्प एकाच छपराखाली राहतात, चिठ्ठी नोंदीतच लिहिलेली असते आणि इन्स्टॉल ती फाडत नाही. आम्ही आता तेच केलंय. याल्क म्हणून एक साधन आहे, ते प्रतच ठेवतं, पण 'याल्क पुश' म्हटलं की जिथं जिथं प्रत आहे तिथं नवी पोचवतं. आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा तरी 'एनपीएम पॅक'नं गठ्ठा बांधून, आवृत्तीचा आकडा वाढवून, तो गठ्ठा बसवून बघा. लिंकमध्ये तुमचा सगळा फोल्डर दिसतो, गठ्ठ्यात फक्त जाहीर केलेल्या फाइली जातात. लिंकवर चालणारं पॅकेज गठ्ठ्यात अपुरं निघालं, असं पुष्कळदा होतं.

वेळ आहे, दोन प्रश्न घेऊ.

"सर, लिंक केल्यावर रिॲक्ट म्हणतं, हुक चुकीच्या जागी वापरलाय. कोड तर बरोबर आहे." हो, हे याच घराण्यातलं. लिंकमुळे पॅकेज आपल्या फोल्डरातलं रिॲक्ट उचलतं आणि प्रकल्प आपलं. नाव एक, वस्तू दोन. पॅकेजच्या फोल्डरातून प्रकल्पातल्या रिॲक्टला लिंक करा, म्हणजे दोघं एकच वापरतील. तिथंही हुक तपासत बसण्याआधी रिॲक्ट किती आहेत ते मोजा.

"दर वेळी इतकं तपासायचं तर काम कधी करायचं?" दर वेळी नाही. बदल दिसला तर पुढं चला. दिसला नाही, तेव्हाच पहिलं अर्धं मिनिट खुणेला द्या. आम्ही ते दिलं नाही, म्हणून दोन संध्याकाळी गेल्या.

शेवटी त्या मुलीचं राहिलं. लिंक पुन्हा लावली, तिचा पहिला नियम परत आणला, आणि कऱ्हाडची सगळी पुस्तकं एका फटक्यात यादीत आली. आम्ही गटासमोर तिला सांगितलं, की चूक तुझी नव्हती, आमची होती. ती म्हणाली, "सर, ते ठीक आहे, पण तिसऱ्यांदा लिहिताना मला वाटायला लागलं होतं की मला हे जमणारच नाही." मंडळी, शिळ्या प्रतीनं वेळ किती गेला ते मोजता येतं, हे मोजता येत नाही. म्हणून समोरच्याला "तुझं चुकलं" म्हणण्याआधी एकदा विचारा, त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलंय तरी का? आज इथंच थांबू. नमस्कार.